हॅलोबेकला काय काय आहे

—नाही हो ताई, धुक्यानं नाही. डोळे माझे सकाळपासूनच असे आहेत. झोप झाली नाही. बसा ना, ही घ्या खुर्ची. ती नको — तिचा पाय मोडलाय, मागच्या रविवारी एका पंजाबी पप्पांना घेऊन खाली बसली ती, आणि कॉलिन सर ओरडले, पोरींनो बघा, टॅकल असा हवा! काय झालं म्हणताय? काही नाही, मान. मयुराची मान. म्हणजे तिच्या मानेला झालेलं काही नाही, ठणठणीत आहे — ती बघा ना, त्या खांबाजवळ, जिच्या मोज्यांत पाय शोधावे लागतात ती माझी — पण मी रात्रभर त्या मानेचाच विचार करत पडले होते. एवढीशी मान! आणि तिकडे इंग्लंडात एखादी दूध-लोण्यावर वाढलेली पोरगी धावत येऊन आदळली तर? दातांचं एक वेळ ठीक आहे, दातांना ते रबराचं कवच असतं. मानेला काय असतं? मानेला आई असते, आणि ती सातासमुद्रांपलीकडे गुडगावात गॅससमोर उभी असते. राघव म्हणतो, "मीनाक्षी, काळजी करायला घरात काही सापडलं नाही की तू ती हवेतून काढतेस." राघव झोपतो हो. ह्या आयटीवाल्यांचं बरं असतं — सर्व्हर पडला तर उठतात, बाकी जग पडलं तर पडू दे.

तुम्हाला नाही वाटत भीती? सुनयनाची? — हसताय काय! बरोबर आहे, नवरा सीमेवर असताना ज्यांनी रोज दोन वेळा शांतपणे कुकर लावलाय, त्यांना मानेबिनेचं काय. मला मात्र कुकरची शिट्टी झाली तरी वाटतं काहीतरी झालं. आणि हा रग्बीचा खेळ! पुण्यात असताना मला कोणी सांगितलं असतं की तुझी मुलगी लंबगोल चेंडू पोटाशी धरून चिखलात लोळेल, आणि तू काठावर बसून थर्मासमधला चहा पीत "शाब्बास" म्हणशील, तर — जाऊ दे. चहा घ्या ना. आलं जरा जास्त झालंय. तुमची बस आज लवकर आली? नवा एक्सप्रेसवे झाला, झाला म्हणतात, कँटोनमेंटहून उडत येता म्हणे, पण मला तर त्या टोलनाक्यावरच सगळं गुडगाव उभं दिसतं.

भाऊ नाही आले? ड्यूटी? अच्छा... अच्छा. नाही, सहज विचारलं. मागच्या रविवारी भाऊच होते ना, तुम्ही नव्हता, धाकट्याला ताप होता तुमच्या. उतरला? चला, बरं झालं. नाही, मला वाटलं आज दोघंही याल. तुम्ही एकट्या आलात ते — म्हणजे बरंच झालं, आपण बायका-बायका बोलू. खरं सांगायचं तर कॉलिन सरांनीच सांगितलंय मला, सुनयनाच्या आईशी एकदा बोलून बघ म्हणून. कशाबद्दल म्हणजे — हेच, तीन पोरींना इंग्लंडला खेळायला न्यायचं. हॅलोबेकचं. भाऊंनी नाही म्हटलं ना, तेव्हापासून सरांचा चेहरा उतरलाय. ते बघा ते, लाल कानांचे. सोमवार ते शुक्रवार तिकडे काचेच्या टॉवरमध्ये, फोन उचलणाऱ्या आपल्या पोरांना इंग्लंडमधल्या गावांची नावं म्हणायला शिकवतात, आणि रविवारी आपल्या पोरींना पडायला शिकवतात. उभं राहायला नाही, पडायला! म्हणतात, पडता आलं की पुढचं सगळं येतं. मला दोन्ही आलं नाही.

तर ते हॅलोबेकचे. यॉर्कशर म्हणून भाग आहे, तिथलं लहानसं गाव, आणि त्या गावचा तो रग्बी क्लब — सर वीस-बावीस वर्षं त्याच क्लबात खेळले. म्हणून तर तो क्लब आपल्या ह्या — काय म्हणू याला, क्लब? बिल्डरनं शाळेसाठी ठेवलेला प्लॉट, शाळा काही होत नाही, खांब उभे केलेत ते बांधकामावरच्या परांचीचे पाइप जोडून, आणि परवा मैदानाच्या मधोमध नीलगाय उभी, रेफरीसारखी — तर आपल्या ह्या क्लबाला हॅलोबेकनं जोडीदार करून घेतलंय. मला सगळं पाठ आहे त्यांचं. मीच लिहिलं ना आपल्या वेबसाइटवर! मी पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायचे. हो, हो, लेक्चरर. मग राघवची इकडे बदली झाली, मयुरा लहान होती, आणि इतिहास राहिला पुण्याला. आता घरी बसून लोकांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिते. "आमच्या टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आणि पॉवर बॅकअप" असलं. सरांनी जेव्हा हॅलोबेकचं सांगितलं तेव्हा मी अशी रंगले की काय विचारता — किती दिवसांनी कोणीतरी मला खरा, जुना, धुळीचा इतिहास दिला होता.

ऐका तर. अठराशे सत्तरच्या सुमाराला तिथल्या लोकरीच्या गिरणीमालकांची पोरं, एक तरुण पाद्री आणि एक गुरांचा डॉक्टर, यांनी मिळून तो सुरू केला. मैदान कुठलं? एका दारूच्या गुत्त्यामागचं कुरण. कपडे बदलायचे तबेल्यात — घोडे बाहेर बांधायचे आणि माणसं आत शिरायची. मग काही वर्षांनी भांडण लागलं, तिकडच्या सगळ्याच क्लबांत. गिरणीतले कामगार चांगले खेळायचे, पण शनिवारी खेळायला यायचं तर मजुरी बुडायची. ते म्हणाले, बुडालेली मजुरी तरी भरून द्या. मोठे लोक म्हणाले, छे, खेळासाठी पैसे घेणं म्हणजे शोभत नाही. ज्याच्या घरी चूल पेटलेली असते ना, त्यालाच असलं सुचतं. बरेच क्लब फुटून निघाले, त्यांनी आपला वेगळा खेळ मांडला. हॅलोबेक राहिलं. एका मतानं राहिलं म्हणतात, आणि तो एकजण सभेत झोपला होता, त्याचा हात शेजाऱ्यानं वर केला! सर अगदी शपथेवर सांगतात. मग पहिलं महायुद्ध. अर्ध्याहून अधिक टीम परतच आली नाही, त्यांची नावं क्लबहाऊसच्या भिंतीवर आहेत. दुसऱ्या युद्धात मैदान नांगरून बटाटे लावले. मग प्रेक्षकांचा लाकडी स्टँड जळाला, कुणाच्या तरी पाइपची ठिणगी पडून. आणि मग पंच्याण्णव साली — आपल्याकडे एक्क्याण्णवला सगळं खुलं झालं ना, कोका-कोला, चॅनेलं, त्यामागोमाग हे टॉवर — तसा त्यांचा खेळ पंच्याण्णवला खुला झाला. पैसे घ्यायला हरकत नाही म्हणून ठरलं. मोठे क्लब एकदम मोठे झाले. हॅलोबेकसारखे मधल्या मध्ये राहिले — अर्धे व्यावसायिक. म्हणजे आजही त्यांचा कॅप्टन दिवसा नळ दुरुस्त करतो, एकजण शाळेत भूगोल शिकवतो, एकजण दुधाचा टँकर चालवतो. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच, आणि मॅचचं थोडं मानधन. मला फार आवडलं ते. अर्धं-अर्धं. मीही तशीच की, अर्धी नोकरी, अर्धी आई, आणि दोन्हीकडं रजेवर असल्यासारखी.

सोयी? — हो, म्हणजे... सोयी आहेत ना. क्लब म्हटला की सोयी असणारच. ठीक आहेत. चहा गार होतोय तुमचा.

भाऊंनी काय सांगितलं तुम्हाला घरी येऊन? नाही, असंच. कसं आहे, सर बोलतात ते इंग्लिश आपण शाळेत शिकलो ते नव्हेच, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं. भाऊंना एक अक्षर कळेना, उगाच मान हलवत होते बिचारे. मग मी मध्ये पडले, मराठी करून सांगायला. मराठी ऐकलं आणि भाऊंचा चेहरा असा खुलला! म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपल्याकडच्या भेटलात, आता काळजी नाही. तुम्ही सांगाल ते खरं." असंच म्हणाले. सातारची माणसं तुम्ही, आम्ही पुण्याचे. तिकडे असतो तर तुम्ही मला पाण्याचा ग्लाससुद्धा तपासून दिला असतात! पण इथे दिल्लीत मराठी कानावर पडलं की आपण लगेच कुलूप काढून ठेवतो. करोल बागेत मागे एका बाईनं "अगो" म्हटलं म्हणून मी तिच्याकडून तीन पडदे घेतले. नको असलेले. भाऊंनीही काही उलटतपासणी केली नाही. दोन-तीन गोष्टी विचारल्या फक्त. पोरी राहणार कुठे, अंघोळ-कपड्यांची सोय काय, आणि क्लबात वातावरण कसं असतं. बापानं विचारावं तेच. मीही विचारलं असतं.

मी काय सांगितलं? — जे आहे तेच सांगितलं. खोटं काही नाही सांगितलं ताई. एक शब्द खोटा नाही.

हे काय? पिशवी माझ्यासाठी? मयुरासाठी! अहो कशाला... थांबा, थर्मास खाली ठेवते. अगं बाई, स्वेटर! तुम्ही विणलात? काय सुरेख — आणि जाड किती, आमच्याकडे असं विणणारं कोणी नाही हो, माझ्या सासूबाई विणायच्या, पण त्यांचा स्वेटर सुरू एका नातवाचा व्हायचा आणि संपायचा दुसऱ्याचा. लोकर पानिपतची? भाऊंनी आणली? चला, पानिपतहून मराठी माणूस काहीतरी सुखरूप घेऊन आला म्हणायचा! ... हिरवा-पांढरा. हे तर — हॅलोबेकचे रंग. तुम्हाला कसं — हां. मीच सांगितलं होतं. दिवाळीच्या वेळी, पहिल्यांदा जाण्याचा विषय निघाला तेव्हा मीच सगळ्या पोरींना सांगितलं होतं, हिरवा-पांढरा.

म्हणजे तुम्ही तेव्हाच घेतला होता विणायला. सुनयनाला.

नाही, बाह्या लांब होतील, ते दिसतंच आहे. दुमडता येतील. सुनयनाचे हात लांब आहेत, म्हणून तर तिच्या हातून चेंडू सुटत नाही. नाही ताई, मी कसा घेऊ हा? — "असू दे" काय! "तिकडे थंडी असते" — अहो, थंडी असते हे मला माहीत आहे, पण... तुम्हाला पाठवायचं होतं तर तिला. तुम्हाला हवं होतं. भाऊंनासुद्धा हवं होतं, नाहीतर माणूस पानिपतला कशाला उतरतो लोकरीसाठी? मला वाटलं होतं... मला वाटलं, तुमच्याकडे नाहीच म्हणणार. फौजी घर, गावाकडची माणसं, मुलगी — मीच ठरवलं ना ते. शिकली-सवरलेली ना मी. मनाशी म्हटलं, नाहीतरी नाहीच म्हणतील, मग मी कशाला उगाच भर घालून सांगू.

थांबा हं. मला जरा सोयींचं सांगू दे.

हौद. भाऊंनी तुम्हाला हौदाचं सांगितलं असेल. सांगितलं ना? मोठा हौद, गरम पाण्याचा, मॅच झाली की सगळी टीम एकदम त्यात उतरते. भाऊंनी मला विचारलं, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे." तेव्हाच त्यांची नजर खाली गेली. तर तो हौद — आता नाही तो. होता, प्रसिद्ध होता, त्यावर एक सबंध परिच्छेद लिहिलाय मी वेबसाइटवर. जुन्या क्लबहाऊसबरोबर पाडला. ती जागा त्यांनी एका मोठ्या किराणा दुकानाला विकली, तिथे आता गाड्या लागतात, आणि त्या जागेच्या बदल्यात गावाबाहेर नवं मैदान घेतलं. तिथे पोरींना वेगळी खोली आहे. आतून कडी असलेली. वेगळे शॉवर, प्रत्येकाला दार. सरांनी ते तीनदा सांगितलं हो, दाराची कडी हातानं करून दाखवली — असं, असं. मी त्याचं मराठी केलंच नाही. हौदाचं तेवढं केलं.

आणि राहायचं. मी म्हटलं, खेळाडूंच्या घरी ठेवतात. खरंच आहे. भाऊ म्हणाले, "खेळाडू म्हणजे पुरुष?" मी म्हटलं, क्लब तसा पुरुषांचाच जुना. तेही खरंच आहे, दीडशे वर्षांपैकी एकशे तीस वर्षं पुरुषांचाच! पण पोरी राहणार आहेत सरांच्या बहिणीकडे. ती नर्स होती, आता तिथल्या मुलींच्या टीमचं सगळं तीच बघते, तिच्या दोन मुली तिथे खेळतात. आणि आपल्या क्लबाच्या वीणा मॅडम बरोबर जाणार आहेत, त्याच घरात, त्याच खोलीत पोरींबरोबर. हे नाही सांगितलं. वातावरणाचं विचारलं तर म्हटलं, क्लबात बार आहे. आहे. पण त्याच्या शेजारी स्वयंपाकघर आहे, आणि रविवारी तिथे पोरांच्या आया उभ्या असतात. मॅच झाली की आधी पाहुण्या टीमला वाढायचं, मग आपण जेवायचं, ही त्यांची रीत आहे — तीच इथे आणलीय सरांनी, म्हणून तर तुम्ही आलात की आम्ही राजमा-चावल घेऊन तुमच्या कँटोनमेंटच्या पोरांमागे धावतो. फ्लडलाइट आहेत. मागे दोन छोटी मैदानं आहेत लहान मुलांना. मार लागला तर बघायला एक खोली आहे, तिथे कायम एक बाई बसलेली असते. जुन्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये व्यायामशाळा. स्टँडला छप्पर आहे, पावसात आया भिजत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी भाऊंना काय सांगितलं? गुत्ता, तबेला, हौद, जळालेला स्टँड. इतिहास सांगितला! सोयी विचारल्या त्यांनी, आणि मी इतिहास सांगितला. नरो वा कुंजरो वा — धर्मराजाचा रथ निदान खाली तरी टेकला होता, मी इथे खुर्चीत आरामात बसून चहा पाजतेय तुम्हाला.

का, असं विचारताय ना? नाही विचारत, पण बघताय तशा. गंमत सांगते. मला मयुरानं जायला नकोच आहे. खरंच! मानेचं मघाशी म्हटलं ते काही नाटक नव्हतं. तिला नेलं तर मी ती परतेपर्यंत जागी राहीन आणि ती आली की महिनाभर तिची मान दाबून बघत राहीन. मला फक्त... निवडलेली हवी होती ती. एकदा. पुण्याहून आलो तेव्हा वर्षभर ही कोणाशी बोलत नव्हती हो. सोसायटीच्या पार्कात पोरं खेळायची आणि ही झोपाळ्याच्या खांबाला धरून उभी. मराठी बोलली की पोरं हसायची, हिंदी बोलली की आणखी हसायची. मग हे मैदान मिळालं आणि ही धावायला लागली, ओरडायला लागली, घरी येऊन जेवताना चार वाक्यं बोलायला लागली — आणि ती चारही वाक्यं सुनयनाची. सुनयनानं असं केलं, सुनयना अशी पळते, सुनयना म्हणते पाय बघायचे, डोळे नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझी मुलगी कुठे आहे यात? सरांनी त्या रविवारी मला आणि मयुराला बाजूला घेऊन सांगितलं ना, की पहिलं नाव सुनयनाचं, आणि तिचं काही कारणानं जमलंच नाही तर मग— 

म्हणजे दोघीही चांगल्याच. दोघींचाही विचार चालला होता त्यांचा.

... नाही, तसं भाऊंना कळलं नसेल. मी "दोघींपैकी एक" असं म्हटलं. ताई, माझ्याकडे असं नका बघू. आणि ही माझी कार्टी, सरांनी सुनयनाचं नाव घेतल्याबरोबर टाळ्या वाजवल्या हिनं! तिथल्या तिथे, एकटीनं. सर म्हणाले, सुनयनाच्या घरून हो येईपर्यंत कोणाला बोलायचं नाही, तर तेही पाळलं, सुनयनालासुद्धा नाही सांगितलं. मग भाऊ आले, आमचं बोलणं झालं, आणि ही तिथेच बसून बुटाची नाडी बांधत होती. एक नाडी बांधायला किती वेळ लागतो? पण मला वाटलं, हिला काय कळतंय. दिल्लीत वाढलेलं पोर, "हौद" शब्द तरी ऐकलाय का तिनं कधी? घरी "वाटी आण" म्हटलं तर कटोरी आणते, आणि "उखळ" म्हटलं तर माझ्याकडे बघत राहते.

काल झोपताना विचारलं तिनं, "आई, सुनयना का नाही येत आहे?" मी म्हटलं, "तिचे बाबा नको म्हणाले." ती म्हणाली, "अच्छा." बस, एवढंच. अच्छा. आणि कुशीवर वळली. ह्या "अच्छा"चे किती अर्थ होतात हिंदीत, तुम्हाला माहीत आहे? मी सगळे करून बघितले पहाटेपर्यंत. मानेचं काय घेऊन बसलात — मान मी त्याच्यानंतर काढली, विचार करायला काहीतरी बरं हवं म्हणून.

ताई, बोला ना काहीतरी. रागवा. आमच्यात कोणी रागावत नाही, राघवला सांगितलं तर तो म्हणाला, "तू टेक्निकली बरोबरच होतीस." स्वेटर घ्या परत, आधी तो घ्या. नाही, घ्याच. असा मांडीवर नका ठेवू, पिशवीत घाला, चिखल उडतोय. आणि भाऊंना फोन लावता का? लावा, मी बोलते. ड्यूटीवर उचलणार नाहीत? मग... आज नाव कळवायचंय हो सरांना. तिसरं नाव. दोन ठरलीत, तिसरं आज. व्हिसाचं काम उद्यापासून सुरू होतंय.

शिट्टी झाली. झालंच, बघा, दोन रांगा करतायत पोरी. ही त्यांची रीत — खेळ संपला की समोरच्यांना मधून जाऊ द्यायचं आणि दोन्हीकडून टाळ्या. हरलेल्यांनाही. मला पहिल्यांदा वाटलं होतं, किती इंग्रजी ढोंग! तुमची सुनयना पुढे आहे. हसतेय. तिला काही माहीतच नाही ना.

सर इकडेच येतायत. मयुरा बरोबर आहे त्यांच्या, आणि सुनयनाचा हात धरून — ही काय सांगतेय त्यांना एवढं? ताई, उठू नका, प्लीज. बसा. सर तुमच्याशीच बोलायला येतायत, आणि ते बोलतील ते मी तुम्हाला सांगते, ह्या वेळी शब्द न् शब्द सांगते, कडीसकट सांगते, काही जुनं मध्ये घालणार नाही. सर एक वाक्य, मी एक वाक्य. तुम्ही मला मध्ये थांबवा वाटलं तर. खोटं वाटलं तर माझा हात दाबा. आले बघा — सर, वन मिनिट, जस्ट वन मिनिट — काय गं मयुरा, किती चिखल तो, थांब, आधी मला बोलू दे मावशींशी, मोठी माणसं बोलताना—

"आई, तू बस ना. सरांना मी विचारलंय, हौदाचं, राहण्याचं, सगळं. मावशींना आज मी सांगते. तू ना, सगळं अच्छं-अच्छं स्किप करतेस."